देवघरापाशी काढलेले बूट

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी एका घरातला तो पांढरट गालिचा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी न्यू जर्सीतल्या एका पोलीस खात्यात नोकरी केली, शेवटची वर्षं डिटेक्टिव्ह म्हणून. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे ओक ट्री रोडच्या आसपास कुणा देशी घरात काही झालं, की प्रकरण माझ्या टेबलावर यायचं, मग ती घरफोडी असो नाहीतर जावयाशी झालेलं भांडण.

ऐन हिवाळ्यातली दुपार होती. एका मुलीने फोन करून घरफोडी झाल्याचं कळवलं. खात्यातल्या माझ्या जोडीदाराला घेऊन मी पोहोचलो. मागच्या दाराची कडी तुटलेली, हॉलमधले खण उपडे केलेले. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामावर होती, मुलगी सरावाला जिममध्ये गेली होती आणि वडील न्यूयॉर्कला ऑफिसात होते. निदान त्यांनी जबाबात तसं सांगितलं. गेली होती एकच वस्तू, मुलीचा अमेरिकन पासपोर्ट. प्रवासाला निघायच्या आधी पासपोर्ट देवापुढे ठेवायची त्या घरची पद्धत होती आणि मुलगी रविवारी भारतात निघणार होती. दागिने जागच्या जागी आणि पासपोर्ट गायब, असं दिसलं की कुठलाही पोलीस आधी घरच्यांकडेच बघतो.

मुलगी बास्केटबॉल खेळायची. जन्म इथला, कॉलेजच्या टीममधून खेळलेली. भारताच्या राष्ट्रीय संघात तिला जागा मिळत होती, पण त्या संघातून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट लागतो. परदेशी नागरिक असलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही, आणि भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. तिने पुण्यात मावशीकडे वर्षभर राहून भारतीय नागरिकत्वाच्या अटींची सगळी पूर्तता केली होती. तिकडची मंजुरी आली होती. आता मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन इथलं नागरिकत्व सोडायचं तेवढं बाकी होतं. वकिलातीने दिलेली वेळ चुकली असती तर संघाची नोंदणी तिच्यासाठी थांबणार नव्हती.

“आय वर्क्ड माय होल लाइफ फॉर धिस, काका,” ती म्हणाली. मी तिला एकच सांगितलं, पासपोर्ट हरवल्याचं सरकारला आज कळवू नकोस. एकदा कळवलं की तो रद्द होतो, मग सापडला तरी उपयोग नाही.

गालिच्यावर ओल्या बर्फाचे, चिखलाचे ठसे होते. मागच्या दारातून हॉलमध्ये, खणांपाशी, तिथून कोपऱ्यातल्या देवघराकडे. देवघराच्या दोन हात अलीकडे ते थांबले होते. तिथे दोन्ही बुटांचे ठसे शेजारी शेजारी, सरळ ठेवल्यासारखे. पुढे चटईवर चिखलाचा टिपूस नाही. देव सगळे जागेवर, हळदकुंकवाची कोयरीसुद्धा सांडलेली नाही.

“इथून तो मागे वळला असेल,” जोडीदार म्हणाला.

अख्खं घर चिखलाने तुडवणारा माणूस देवापुढे जाताना बूट काढतो, हे त्याला इंग्रजीत कसं समजावणार?

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर फोन आला. बाई मराठीत बोलत होत्या. “भाऊ, नाव नका विचारू. मी त्या घरासमोर राहते. काल दुपारी मुलीच्या वडिलांची गाडी ड्राइव्हवेमध्ये होती. ते ऑफिसला गेलेच नव्हते हो.” शेजारणी सहसा फोन करत नाहीत, पण एकदा केला की त्यांचं बोलणं खोटं निघत नाही, हा माझा अनुभव.

वडिलांना बोलावून घेतलं. नागपूरचा शांत माणूस, आयटीतला. तुम्ही अटकेत नाही, केव्हाही उठून जाऊ शकता, हे आधी सांगितलं. रेकॉर्डिंग सुरू केलं. थोडं हवापाण्याचं बोललो आणि मग मराठीत विचारलं, “स्वतःच्या घरात बूट घालून फिरताना कसं वाटलं?”

त्यांनी मान वर केली.

“आणि देवघरापाशी का काढलेत?”

त्यांनी नजर टेबलाकडे वळवली.

“काढले का ते मलाही नाही माहीत,” ते म्हणाले. “पासपोर्ट माझ्या ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये आहे, नंतर नेऊन ठेवला. फाडणार होतो, हात धजला नाही.”

“पण तिला लहानपणापासून कोर्टवर नेणारे तुम्हीच ना?”

“मीच. इंडियाची जर्सी घाल असं म्हणणाराही मीच. तेव्हा हे नियम कुठे माहीत होते? टीममध्ये अशा बाहेरून आलेल्या खेळाडूला एकच जागा असते. उद्या तिचा गुडघा गेला की त्या जागेवर दुसरी कोणी. हिने सोडलेलं नागरिकत्व मात्र परत मिळायचं नाही.” मग आवाज उतरला. “नागपूरला माझे बाबा वारले तेव्हा इथे माझा व्हिसा अडकला होता. निघालो असतो तर परत येता आलं नसतं. मी गेलो नाही. माझ्या वेळी ही तिकडे अडकली तर?”

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी पोलिसाला खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं. वरिष्ठांपुढे सगळं मांडलं. मुलीने तक्रार मागे घेतली आणि वरिष्ठांनी समज देऊन प्रकरण बंद करायला मान्यता दिली.

पासपोर्ट वडिलांनी माझ्यासमोर तिच्या हातात दिला. आई दाराशी उभी होती, पदराने डोळे पुसत. मुलगी पासपोर्टकडे न बघता वडिलांकडे बघत होती.

“बाबा, तुम्ही जस्ट नाही म्हटलं असतं, तर मी ऐकलं असतं.”

“माहीत होतं,” ते म्हणाले. “म्हणून तर म्हटलं नाही.”

रविवारी तिला विमानतळावर तेच सोडायला गेले.

नोकरीत मी बऱ्याच चोऱ्या सोडवल्या. बहुतेकांमागे हाव होती, काहींमागे सूड. भीतीपोटी माणूस स्वतःचंच घर फोडतो, आणि तेही ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच वस्तूसाठी, हे त्या घराने मला शिकवलं. त्यानंतर घरातल्या चोरीत काय गेलं हे विचारून मी थांबलो नाही. घरात कोणाला कसली धास्ती आहे, हेही विचारू लागलो.

परवा वाणसामानाच्या दुकानात ते वडील भेटले. केस पांढरे झालेत. मुलगी भारताकडून खेळते, सामने ते पहाटे उठून फोनवर बघतात. दिवाळीला तिला घरी यायचंय म्हणाले, तिचा टूरिस्ट व्हिसाचा अर्ज तेच भरत होते.

“जन्मस्थान न्यू जर्सी लिहिलं,” ते म्हणाले. “पुढे विचारलंय, अमेरिकेत तुमच्या ओळखीचं कोण आहे. तिथे माझं नाव टाकलं.”