चौथ्या नावासाठी लातूर ते मुखेड

लातूरहून निघायचं ठरलं ते एका पत्रामुळे. गावाकडच्या शाळेचं लेटरहेड, खाली मुख्याध्यापकांची सही. मजकूर असा: 'आपण आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आहात. युद्धात वीरमरण आलेल्या माजी विद्यार्थ्यांचे स्मारक शाळेच्या पटांगणात उभे राहत आहे. दगडावर कोरलेल्या वीरांच्या नावांत रंग भरण्याची सेवा आपण द्यावी.' अनावरण सव्वीस जानेवारीला.

मी पत्र दोनदा वाचलं. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला शाळेनं माजी विद्यार्थी म्हणायची ही पहिलीच वेळ.

मी बोर्ड रंगवतो. शिकवणारा कुणी भेटला नाही, भेटला असता तर कदाचित वाईट शिकलो असतो. फ्लेक्स आल्यावर लातूरचे निम्मे पेंटर ऑटो चालवायला लागले. मी छिन्नी घेतली आणि समाधीच्या दगडांवर अक्षरं कोरायला शिकलो. अक्षराची उंची डोळ्यानं सांगतो, मग टेप लावून खात्री करतो. टेप अजून तरी माझ्याविरुद्ध गेलेली नाही.

आणि त्या दगडावर नागनाथचं नाव असणार होतं. नागनाथ मोरे, माझ्या बाकावरचा. आम्ही दोघांनी एकाच दिवशी शाळा सोडली. तो सैन्यात गेला, स्वयंपाकी म्हणून. कारगिलच्या लढाईत वरच्या चौकीवर जेवण घेऊन चालला होता, वाटेत गोळा पडला. त्याच्या नावात रंग मी नाही तर कोण भरणार?

चोवीसला सकाळी सातला मोटरसायकल काढली. पेट्रोल पाचशेचं, डिकीत इनॅमलचे डबे, ब्रश, आणि सवयीनं छिन्नी-हातोडीसुद्धा. चाकूरपर्यंत रस्ता झकास आहे, फक्त दाळमिलकडे निघालेल्या तुरीच्या ट्रॅक्टरमागे अडकू नका, तोंडभर भुसा मिळतो. शिरूर ताजबंदला मोठा रस्ता सोडून मुखेडकडे वळायचं. फाट्यावर भजी गरम मिळतात, चहा गोड मिळतो, फार गोड. हॉटेलवाल्यानं माझे डबे पाहिले.

"काय पेंटर, इलेक्शन लागलं का?"

"न्हाई. दगड रंगवायचाय."

"मग बरं हाय. दगड पार्टी बदलत न्हाई."

पुढे जांबपर्यंत दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, मधूनच हरभरा. कुणी ओळखीचं शेत असेल तर हुरड्याला थांबाच. मी थांबलो नाही. मुखेड आलं तेव्हा मीटरवर शंभराला तीन कमी होते. तिथून आमचं गाव बारा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार खडीचे. गावाचं नाव इथं लिहीत नाही. भांडण झालं ते शाळेशी, गावाशी नाही.

भांडण पोचल्यापोचल्याच झालं.

काळा ग्रॅनाइट, चार फूट बाय अडीच, चबुतऱ्यात उभा बसवलेला. काम नांदेडच्या मशीनचं, स्वच्छ. वर 'अमर जवान', मग तीन नावं. त्याखाली अनावरणाची ओळ, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, समितीचे अकरा सदस्य. टेप लावली. शहिदांचं अक्षर सव्वा इंच, पाहुण्यांचं दोन इंच. आपल्याकडे दगड असाच आखतात: आधी पाहुणे बसवायचे, उरलेल्या जागेत ज्यांच्यासाठी दगड आहे ते.

"सर, नागनाथचं नाव?"

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, बदलून आलेला आहे. म्हणाले, "ते समितीत ठरलं. ते कुक होते ना. शिवाय दहावी त्यांनी इथून केली नाही. माजी विद्यार्थी म्हणजे कसं, शाळेतून पास होऊन बाहेर पडलेला."

मी खिशातून पत्र काढलं. "वाचा सर. मोठ्यानं वाचा."

त्यांनी वाचलं. 'आपण आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आहात' इथपर्यंत आले आणि थांबले.

"मी कितवी शिकलो, माहीत आहे?"

"नाही."

"आठवी. नागनाथच्या शेजारी बसून. फुकट रंग भरायला मी माजी विद्यार्थी, अन् जीव दिलेला न्हाई?"

शिपाई गालात हसला, मग सरांकडे बघून गंभीर झाला. सरांनी जनरल रजिस्टर मागवलं. पिवळ्या पानावर आमची नावं एकाखाली एक. शाळा सोडल्याची तारीख एक. कारणाच्या रकान्यात माझं 'कामधंदा', त्याचं 'शेतीकाम'.

सरांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "चूक झाली. पण आता जागा कुठंय? खाली पट्टी रिकामी आहे, समितीच्या नावांखाली. तिथं घालू."

मी म्हणालो, हे मी ठरवणार नाही, त्याची बहीण ठरवेल.

सखूआक्का गावातच असते. निरोप गेला तशी आली, डोक्यावरचा पदर सारखा करत दगडासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही. मी काठीनं दाखवलं, हे तिघं, हे पाहुणे, ही समिती, आणि ही रिकामी जागा.

"पावण्याच्या पायाखाली?" ती म्हणाली. "माझ्या भावाला? नगं. त्यापरीस नावच नगं."

मग मी पुन्हा टेप काढली. तिसरं नाव आणि अनावरणाची ओळ, मधलं अंतर सव्वातीन इंच. अक्षर सव्वा, वर एक, खाली एक. बसतं.

"पाहुण्यांचं नाव चेपल्यासारखं दिसेल हो," सर म्हणाले.

"दिसू द्या. पाहुणे तासाभरात जातील."

"समितीनं विचारलं तर?"

"सांगा, पेंटरनं ऐकलं न्हाई."

पंचवीसला सकाळी बसलो. 'शहीद नागनाथ मोरे', नऊ अक्षरं, उभ्या दगडावर, हातानं. मशीनच्या तीन नावांखाली हाताचं एक बसवायचं म्हणजे जाडी जुळली पाहिजे, खोली जुळली पाहिजे. दुपारी आक्का धपाटे आणि दही घेऊन आली, सावलीत बसली.

"बाला, सैपाकी होता म्हणून धरलं न्हाई म्हणं?"

"हाव."

"मग वर चौकीवरचे काय उपाशी लढले असते?" मग म्हणाली, "पहिला धपाटा माझ्याच चुलीवर थापला त्यानं. गोल कशाचा, नकाशा झाला. म्हणलं नागू, तुला कोण सैपाकी ठेवंल? तर म्हणतो, सरकार ठेवंल."

ती हसली. मी छिन्नी खाली ठेवली, कारण हसताना छिन्नी धरायची नसते.

आठ अक्षरं मनासारखी उतरली. नववं, 'मोरे'तला 'रे', ऊन उतरल्यावर घेतलं आणि अर्धा सूत वर गेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इतरांना दिसणार नाही. मला दिसतं.

सव्वीसला सकाळी सहाला रंग घेतला. चार नावं भरून ब्रश धुतला. सर धावत आले. "अहो, बाकीचं?"

"सेवा वीरांच्या नावांसाठी होती सर. पत्रात तसंच आहे."

झेंडावंदन झालं, पडदा सरकला. पाहुण्यांनी चार नावं वाचली, पोरांनी चार वेळा 'अमर रहे' म्हटलं. चौथ्या वेळी आक्काचा आवाज सगळ्यात मोठा होता. मग पाहुणे वाकून दगडावर काहीतरी शोधायला लागले. न रंगवलेलं अक्षर पाच फुटांवरून दिसत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी लातूरला परतलो. आठवड्यानं सरांचा फोन. "पेंटर, समिती विचारून राहिली, उरलेली नावं कधी?"

"लेटरहेडवर पत्र पाठवा," मी म्हणालो. "पण माजी विद्यार्थी लिहूनच पाठवा." सर हसले. पत्र आलेलं नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर मला विचारा, गावाचा रस्ता सांगतो. सकाळी जा, ऊन तिरपं पडतं तेव्हा अक्षर चांगलं दिसतं. नुसतं बघू नका, बोट फिरवा. वरची तीन गुळगुळीत लागतात, चौथ्यात छिन्नी लागते. शेवटचा 'रे' अर्धा सूत वर आहे. बोर्ड असता तर मी तो पुसून पुन्हा काढला असता. हा आता कुणालाच पुसता येणार नाही, मलासुद्धा नाही.