शालनचे अकरा ग्रह आणि माझा संप

आमची शालन गेली तेव्हा तिच्या मागे एक प्रेशर कुकर, तीन जरीच्या साड्या, एक मी आणि अकरा ग्रह राहिले.

कुकर सुनेकडे गेला. साड्या बहिणींनी नेल्या. मला कोण नेणार? राहिला प्रश्न ग्रहांचा. दहाव्याला भटजींनाच विचारलं, "माणूस गेलं की त्याच्या ग्रहांचं काय करतात हो?"

"शांत करतात."

"अकरा आहेत."

"नऊ असतात."

"हिचे अकरा होते. त्यातले दोन तर तिने लढून घेतलेत!"

भटजींनी माझ्याकडे बघितलं, पळीपंचपात्र भराभर पिशवीत भरलं आणि सुनेला बाजूला नेऊन म्हणाले, "यांना जरा झोप मिळू दे."

तर आधी ग्रहांचं सांगतो. माझी शाळा पाचवीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील, सांगण्यात नाहीत.

शालनचं मांडीचं हाड मोडलं आणि ती बिछान्याला खिळली. जन्मभर लालबागच्या खोलीत खानावळ चालवलेली बाई, तिला नुसतं पडून राहणं कसं जमायचं? पंख्याची पाती साफ नाहीत म्हणून ती दिवसभर पंख्याला शिव्या देई. मग आमच्या सुनेने, स्नेहलने, तिच्या हातात टॅब दिला. त्यात एक अंतराळाचा खेळ. आपला एक ग्रह असतो. त्यावर कारखाने काढायचे, जहाजं बांधायची, शेजारचे ग्रह घ्यायचे. समोर जांभळा, हिरवा, लाल असे दुसरे मालक. त्यांना खुद्द टॅबच चालवतो. आपलं सगळं मनासारखं लावून झालं की 'पुढे' दाबायचं. मग त्यांची पाळी.

स्नेहलने सगळ्यात सोपी लेव्हल लावून दिली. शालन पटकन जिंकली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "ह्यात काय गंमत? समोरचा अगदीच भोळसट आहे. असा एक घरात आहेच माझ्या."

मग मधली लेव्हल. मग कठीण. शेवटी सगळ्यात वरची, तिचं नावच 'अशक्य'. म्हणाली, "हां, आता कसं घरच्यासारखं वाटतंय."

त्या 'अशक्य' डावात तिने अकरा ग्रह कमावले आणि बारसंही तिनेच केलं. आमची खोली. नळ. माळा. गच्ची. कुणकेश्वर. स्नेहलचं ऑफिस. अशीच आणखी चार. (स्नेहलच्या ऑफिसवर सगळ्यात जास्त माल निघायचा. पार्शलिटी!) आणि एका कोपऱ्यात, एवढासा, मातकट रंगाचा, काहीही न पिकणारा एक ग्रह होता. त्याचं नाव 'आमचे हे'.

मी विचारलं, "माझ्यावर काही निघत का नाही गं?"

"तुम्ही संपापासून बसूनच आहात," ती मान वर न करता म्हणाली.

हे खरं होतं. संपात गिरणी बंद पडली ती कायमची. मी दारात स्टूल टाकून बसलो. शालनने खोलीत गावच्या पोरांची खानावळ काढली आणि घर चालवलं. मी अधूनमधून कुठे वॉचमन, कुठे पार्सलवाला झालो, पण टिकलो नाही. (कामगाराचा अपमान मला सहन होत नसे, आणि अपमान सगळीकडेच तयार असायचा.) पर्मनंट असं पुन्हा काही लागलं नाही. चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही वर गेलो. स्टूलही वर आलं.

ती गेली. त्याबद्दल लिहीत नाही. लिहायला बसलो तर कागद भिजेल.

पण रोज दुपारी मी टॅब उघडायचो. खेळायला नाही, नुसता बघायला. काळ्या आभाळात तिने दिलेली नावं लुकलुकत असायची. स्नेहलने बजावलं होतं, "बाबा, बघा हवं तेवढं. पण 'पुढे' दाबू नका. ह्या लेव्हलला केलेलं मागे घेता येत नाही. हरलात तर डाव पुसला जातो. आईंनी ठेवलेली नावंही जातील."

"मी कशाला दाबतोय? मला काय कळत नाही?" मी म्हटलं.

आता माझी रोजची पद्धत सांगतो. सकाळी आंघोळ झाली की शालनच्या फोटोला ओल्या फडक्याने पुसायचं, गंध लावायचं, फूल वाहायचं. एक दिवस दुपारी वाटलं, फोटोत ती जेवढी आहे त्याहून जास्त त्या टॅबमध्ये आहे. मग त्याला का नाही? टॅब उघडला, ओल्या फडक्याने पुसला, बोटावर गंध घेतलं आणि चांगली जागा बघून टेकवलं.

चांगली जागा म्हणजे 'पुढे'!

टॅब कर्रर्र वाजला. लाल पट्टी आली: 'नळ' वर हल्ला. मी घाबरून गंध पुसायला गेलो. पुसताना बोट पुन्हा तिथेच. 'माळा' वर हल्ला!

खरं तर तिथेच थांबायचं होतं. आपण दाबत नाही तोपर्यंत जांभळाही जागचा हलत नाही. संध्याकाळी स्नेहल येईपर्यंत तो बिचारा बसून राहिला असता. पण हे मला संध्याकाळी कळलं.

तेवढ्यात हिराबाई आली. ही वरळी कोळीवाड्याची. शालनच्या खानावळीला मासळी हीच द्यायची. पाटी रिकामी झाली की दुपारी चहाला टेकायची. शालन गेल्यावरही येते आणि चहा स्वतःच करून घेते, कारण माझा चहा तिने एकदा प्यायलाय.

"काय करता ओ दादा? टॅबची पूजा?"

"हिराबाई, जांभळा आला! नळ घेतला!"

"मग हिरव्याला काय धाडलं काय?"

"हिरव्याला कशाला?"

"ती धाडायची ना! दर पाळीला कायतरी. लोखंड म्हणा, तेल म्हणा. मी बघितलंय, हितंच बसून."

ही शालनची जुनी खोड. चाळीत शेजारणीचं भांडं घरात आलं की रिकामं परत जायचं नाही. चमचाभर साखर का होईना, घालून द्यायची. पण तो हिरवा म्हणजे काय शेजारची काकू आहे?

"फुकटचं वाटप बंद!" मी म्हटलं. "आता लढाई."

हिराबाईने कपाळाला हात लावला. "बाई गेली नि राज्य तुमच्या हाती आलं. देवा खंडेराया!"

मी गुरवला फोन केला. गुरव म्हणजे गिरणीत माझ्याच खात्यातला, संपात माझ्याच कमिटीवरचा, आता माटुंग्याला मुलीकडे राहतो. डोक्याने तल्लख. (संपात त्याचे सगळे अंदाज चुकले होते, पण ते किती तल्लख होते ते आजही आठवतात.) तो टॅक्सी करून आला. चपला काढायच्या आधीच त्याने टॅब हातात घेतला.

"परबा, तुजी जहाजां खंय आसत?"

मी बोट ठेवून ठेवून दाखवलं. इथे थोडी, तिथे थोडी. आणि सगळ्यात मोठा ताफा कुठे, तर 'आमचे हे'च्या भोवती!

गुरव हसून हसून खोकला. "तुज्यार? तुज्यार कित्याक? तुका कोण नेतलो?"

मलाही ते पटलं. काही पिकत नाही, काही निघत नाही, आणि त्याला एवढा पहारा! बायकांचं मन मऊ असतं, दुसरं काय. आम्ही तो सगळा ताफा उठवला आणि थेट जांभळ्याच्या घरावर धाडला. 'पुढे' दाबलं.

ताफा गेला. म्हणजे पोचला, आणि मग गेला. समोर जहाजांची नुसती भिंत होती. गुरव म्हणाला, "असां कसां?" मी म्हटलं, "असंच व्हायचं तुझं, आधीपण."

पुढच्या पाळीला जांभळा 'आमचे हे' वर उतरला. एकही गोळी न झाडता! मी हिराबाईला म्हटलं, "बघ, मला घेतलं."

"सांभाळतील का ओ तुमाला?" ती चहा ओतत म्हणाली. "चहाचं सांगून ठेवा त्यास्नी."

मग तर दार उघडंच पडलं. गच्ची गेली. कुणकेश्वर गेलं. हसायची गोष्ट आहे हे मलाही कळत होतं, पण एकेक नाव विझताना बघवत नव्हतं. 'गच्ची' हे नाव तिने कुठल्या गच्चीवरून ठेवलं होतं ते फक्त मला माहीत होतं.

"गुरवा, काहीतरी कर रे!"

गुरवने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यात जुनी चमक होती. "परबा, त्येचो माल कसो थांबतलो सांग?"

"कसा?"

"काम बंद!"

किती वर्षांनी ऐकला हा शब्द! आम्ही दोघं ताठ बसलो. एकेका ग्रहावर जायचं, कारखान्यावर बोट ठेवायचं, 'बंद' करायचं. आमची खोली, बंद! स्नेहलचं ऑफिस, बंद! गुरव प्रत्येक वेळी मूठ वर करत होता. हिराबाई दारातून ओरडली, "जेवणखान पण बंद करता काय?" शेतीही बंद केली! शंभर टक्के यशस्वी. एक भोंगा वाजेल तर शपथ! मग हाताची घडी घालून आम्ही जांभळ्याच्या वाटाघाटीची वाट बघत 'पुढे' दाबत राहिलो.

जांभळा वाटाघाटीला आला नाही. जहाजं घेऊन आला.

आणि स्नेहल ऑफिसातून आली. तिने पर्स खाली ठेवली, टॅब बघितला, पर्स परत उचलली. बहुधा कुठेतरी निघून जावं असं वाटलं असावं.

"बाबा, सगळे कारखाने बंद का आहेत?"

"संप."

"कुणाविरुद्ध?"

"मालकाविरुद्ध!" गुरव आणि मी एकदम म्हणालो.

"हे ग्रह कुणाचे आहेत?"

"आपले."

"मग मालक कोण?"

गुरव चपला शोधायला लागला. त्या त्याच्या पायातच होत्या.

जन्मात पहिल्यांदा मालक झालो, आणि पहिलं काम काय केलं, तर स्वतःविरुद्ध संप! तोही शंभर टक्के यशस्वी!

स्नेहल रागावली नाही. खुर्ची ओढून बसली. "बाबा, ह्या लेव्हलला समोरचा हुशार नसतो. त्याला फक्त माल फुकट मिळतो."

"म्हणजे मालकाचा मुलगा."

"तसंच. त्याच्याशी मालात बरोबरी होत नाही, म्हणून आई अंगावर जायच्या नाहीत. शेजाऱ्याशी गोडीने राहायच्या, जांभळ्याला लालशी भांडू द्यायच्या आणि आत यायची वाट अडवून बसायच्या. नळ आणि माळा बाहेरच्या बाजूला, पण तिथून आत यायची ती वाट एकच आहे. 'आमचे हे'वरून."

मी दारातल्या स्टुलाकडे बघितलं.

"मी त्यांना म्हटलं होतं, तो ग्रह सोडून द्या, काही पिकत नाही त्यात. तर म्हणाल्या, पिकत नाही गं, पण दारात बसलेलं माणूस आहे ते. दारात कुणी नुसतं बसून असलं तरी मी आत निर्धास्त भाकऱ्या थापते."

गुरव खिडकीबाहेर बघायला लागला. मी चष्मा पुसला. चष्म्याला गंध लागलं होतं, दुसरं काही नाही.

आता आमच्याकडे दोनच नावं उरली होती: आमची खोली आणि स्नेहलचं ऑफिस. जांभळा खोलीच्या दारात उभा. एक 'पुढे' की सगळं पुसलं!

"हिरव्याला धाड काय ते," हिराबाई म्हणाली. "दुपारपास्नं सांगते मी. माझं कोण ऐकतंय!"

"आता द्यायला आहे काय?" मी विचारलं. "सगळं तर बंद केलं आम्ही."

स्नेहलने शोधलं. कोठारात थोडं तेल होतं. "आपल्यालाच लागेल हे."

"दे," मी म्हटलं. "भांडं रिकामं नको जायला."

तेल गेलं. स्नेहलने कारखाने सुरू केले आणि बोट 'पुढे'वर नेलं. हिराबाईने हात जोडले. गुरव, जन्माचा नास्तिक, त्याने मालवणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीच्या बोटाक यश दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणालो आणि तिने दाबलं.

हिरवा आला! कोपऱ्यातून त्याची जहाजं मधमाश्यांसारखी सुटली. 'तुमच्या मदतीला' अशी पाटी झळकली. शालनने एवढे दिवस धाडलेलं लोखंड, तेल, सगळं त्याने लक्षात ठेवलं होतं. जांभळा खोलीच्या दारातून हटला, मग गच्चीवरून, माळ्यावरून, नळावरून. एकेक नाव पुन्हा पेटत गेलं. मी प्रत्येक नावाला टाळी वाजवत होतो. खालच्या मजल्यावरचे मॅचचा स्कोर किती झाला म्हणून विचारायला आले.

रात्रीच्या जेवणाआधी सगळे ग्रह परत आले होते. एक सोडून. 'आमचे हे' अजून जांभळ्याकडेच.

"बघू, तिथे काय हाल आहेत तुमचे," म्हणत स्नेहलने त्यावर बोट ठेवलं. आणि हसायला लागली. गुरवने वाकून बघितलं, तोही हसायला लागला. हिराबाईला दिसत नव्हतं, तीही हसायला लागली.

जांभळ्याने 'आमचे हे'वर मोठा कारखाना टाकला होता. धूर निघत होता. माल निघत होता. तिन्ही पाळ्या चालू!

"बाबा, हिरवा तयार आहे. परत घ्यायचं का तुम्हाला? वाट आपल्याच हातात हवी."

मी भिंतीवरच्या शालनकडे बघितलं. गंध जरा तिरकं लागलं होतं, त्यामुळे ती हसल्यासारखी दिसत होती.

"घ्या, पण घाई नको," मी म्हटलं. "संपानंतर पहिल्यांदाच कुणी कारखान्यात कामावर ठेवलंय. आधी पर्मनंट तरी होऊ दे!"