वाट्याचं हाड

लामियत लॉटरीची तिकिटं विकते, असं मेक्लोंगमधल्या बहुतेकांना वाटतं. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली लाकडी पेटी, झाकण उघडलं की तिकिटांच्या ओळी, डोक्यावर विणलेली टोपी. तिकीटवालीच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, बघतात ते आकड्यांकडे. त्यामुळे तिला कुठेही जाता येतं. पोलीस चौकीत, विहाराच्या अंगणात, कुणाच्या नवऱ्याने परक्या गावात घेतलेल्या घराच्या पायरीपर्यंत. तिचा खरा धंदा तो. लोक काय लपवतात ते हुडकायचं आणि ज्याने काम दिलं त्याला सांगायचं.

पहिला माणूस तिने हुडकला तो स्वतःचा नवरा. दामनेनला एका नूडलवालीच्या घरी तो राहत होता. लामियत तिथे गेली, वाडगाभर नूडल खाल्ले, वरून तिखट मागून घेतलं, आणि उठताना त्या बाईला म्हणाली, "रस्सा चांगला आहे. माणूस तेवढा नाही."

घरी येऊन त्याचे कपडे तिने कुत्र्यांच्या अंथरुणाला दिले. ही गोष्ट बाजारात पसरली आणि बायका तिच्याकडे येऊ लागल्या. पेटीच्या पट्ट्याने तिचा एक खांदा कायमचा खाली गेला आहे. चालताना ती सतत कुणाचं तरी ऐकायला वाकल्यासारखी दिसते.

सोंगक्रानच्या सकाळी तिला वीरायुतचा फोन आला. या नववर्षाच्या सणाला आमच्याकडे घरच्या मेलेल्यांच्या अस्थी विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यातून बाहेर काढतात, त्यांच्यावर सुगंधी पाणी घालतात, भिक्खूंकडून गाथा म्हणवून घेतात आणि परत ठेवतात. वीरायुतचे वडील, नामप्लाच्या, म्हणजे मासळी मुरवून काढलेल्या खारट रसाच्या, कारखान्याचे मालक सांगुआन, नुकतेच वारले होते. खाडीच्या तोंडाशी त्यांच्या खारवलेल्या मासळीच्या टाक्या आहेत. वारा फिरला की अर्धं गाव त्या वासात झोपतं. मुलांनी त्यांचा कोनाडा उघडला तेव्हा कलशावरच्या फडक्याची गाठ वेगळी होती.

लामियत पोचली तेव्हा सगळं घर भिंतीपाशी उभं होतं. वीरायुत, त्याच्यामागे धाकटा भाऊ, आणि त्यांची आई प्रयोंग प्लास्टिकच्या खुर्चीवर. बापाच्या चितेआधी दोन्ही मुलांनी रीतीप्रमाणे डोकं आणि भुवया भादरून दिवसभरासाठी भिक्खूचं चीवर घेतलं होतं. चीवर त्याच संध्याकाळी उतरलं. केस मात्र आपल्या चालीने परत येत होते. वीरायुतच्या कपाळाखाली दोन काळसर पट्ट्या होत्या, खरखरीत, पेन्सिलने घाईत ओढल्यासारख्या. त्यामुळे तो रागावला तरी चकित झाल्यासारखा दिसे.

त्याचं म्हणणं सरळ होतं. कुणीतरी जादूटोण्यासाठी हाड चोरलं आहे. धंद्यात वैरी कमी नाहीत. चोर शोधून द्या, पुढचं पोलीस बघतील. आधी पोलिसांत गेलो तर दुपारपर्यंत बाजारभर होईल.

लामियतने विचारलं, काय काय गेलं? उत्तर प्रयोंगबाईंनी दिलं. चितेच्या दुसऱ्या दिवशी राखेतून हाडं त्यांनी स्वतः वेचली होती, कलशातलं प्रत्येक त्यांना ठाऊक होतं. उजव्या मनगटाजवळचा एक तुकडा नव्हता. बाकी सगळं होतं.

लामियत कोनाड्याशी वाकली. काढून ठेवलेल्या झाकणाच्या पाटीच्या कडेचं सिमेंट पांढरं, ताजं होतं. त्यावर थापीची खूण नव्हती, बोटांच्या खुणा होत्या, बारीक बोटांच्या. खाली अगरबत्तीची एकच काडी, मेलेल्या माणसाला लावतात तशी, जळून गेली होती. आणि भिंतीला टेकवून एक ग्लास: काळी गोड कॉफी, बर्फ केव्हाच वितळलेला, नळीवर मुंग्यांची रांग.

"वडील कॉफी घ्यायचे?" तिने विचारलं.

"कधीच नाही," वीरायुत म्हणाला. "डॉक्टरने तोडली होती. घरात कॉफीचा डबासुद्धा नाही. ते चेटूकच आहे, मावशी."

प्रयोंगबाई ग्लासाकडे बघत होत्या.

परत जाताना लामियतच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चेटूक करणारा अख्खा कलश उचलतो. पैसे उकळणाराही अख्खाच उचलतो. एक तुकडा घेऊन, बाकीचं नीट बांधून, कोनाडा बुजवून, माणसाला एक अगरबत्ती लावून कोण जातं? आमच्याकडे अस्थी वेचल्या की पोरं एकेक तुकडा आपापल्या घरी नेतात, देव्हाऱ्याशेजारी ठेवतात. हा चोर आपला वाटा घेऊन गेला होता.

आणि त्याला म्हातारा कॉफी पितो हे माहीत होतं.

पुढचे काही दिवस ती पेटी घेऊन कॉफीच्या टपऱ्यांवर बसत राहिली. रेल्वेच्या रुळांवर बाजार भरतो त्याच्या टोकाला हेंगदादाची टपरी आहे. हेंग जुना माणूस, कापडाच्या पिशवीतून कॉफी गाळतो आणि तिकीट घेतल्याशिवाय बोलत नाही. लामियतने त्याला तिकीट दिलं आणि सांगुआनशेट गेल्याचं वाईट वाटल्याचं सांगितलं.

हेंगने कॉफी ढवळत सांगितलं, की शेट दर उपोसथाला, विहारातल्या व्रताच्या दिवशी, यायचे. घरी सांगून यायचे विहारात जातो म्हणून, आणि जायचेही, पण आधी इथे दोन ग्लास. एक स्वतःसाठी, एक पलीकडच्या बांगडेवालीसाठी. तिथेच तिच्या टोपल्यांमध्ये बुडाखाली पाटी घेऊन बसायचे. "शेट असून मासळीच्या पाण्यात चपला भिजवून बसायचा. मी म्हटलं, घरी काय खुर्च्या संपल्या का?"

"ती काय म्हणायची?"

"ती म्हणायची, हेंगदादा, तू कॉफी गाळ." तो हसला, मग आवाज उतरवला. "आता आजारी आहे बिचारी. केस गेले सगळे. ते औषध देतात ना, त्याने. कुणी विचारत नाही. विचारायचं कसं?"

लामियत बांगडे विकणाऱ्यांच्या रांगेत गेली. मेक्लोंगचा बांगडा उकडायच्या आधी त्याची मान मोडून वळवतात, म्हणजे दोन-तीन मासे एका लहान गोल टोपलीत बसतात. सगळ्या टोपल्यांत सगळे मासे खाली मान घालून. त्यांच्यामागे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी बसली होती. डोक्यावर फडकं, फडक्याच्या कडेने केसांचे खुंट दिसत होते. भराभर माना मोडत होती.

लामियतने आधी बोटं बघितली, बारीक होती. मग कपाळ बघितलं. औषधाने गेलेले केस ठिकठिकाणी जातात आणि ठिकठिकाणी येतात. इथे दोन काळसर पट्ट्या होत्या, सारख्या, खरखरीत. वीरायुतच्या होत्या तेवढ्याच. एकाच दिवशी वस्तरा फिरला होता.

"तिकीट नको," मुलगी म्हणाली.

"मीही विकायला नाही आले. वीरायुतने पाठवलंय."

मुलीने हातातला मासा खाली ठेवला नाही. त्याची मान मोडली, टोपलीत बसवला, मग हात पुसले. तिचं नाव मोक.

तिने काही नाकारलं नाही. जे सांगितलं ते थोडक्यात असं. आई मिठागरात कामाला होती, कारखान्याला मीठ जायचं, तिथे ओळख झाली. मोक झाली तेव्हा सांगुआनने नाव लावलं नाही, पण येणंही सोडलं नाही. आई गेल्यावर तो बाजारात येऊन बसू लागला. त्याचं दुखणं तिला हेंगकडून कळलं, मरणही हेंगकडून. चितेच्या दिवशी ती खाडीपलीकडच्या विहारात गेली, डोकं आणि भुवया भादरून घेतल्या, पांढरी वस्त्रं घेतली आणि घाटावर बसून इकडचा धूर बघितला. मुलग्यांसारखं श्रामणेर होऊन चीवर घेता येत नाही, तर पांढऱ्यात बसले, म्हणाली.

"मग लोक आजारी समजतात ते?"

"समजू दे. खरं विचारायला हिंमत लागते."

लामियतने पेटीचं झाकण मिटलं. ती म्हणाली, की मी जे ऐकलं ते ऐकलं नाही असं समजायला हरकत नाही. हाड दे, मी कोनाड्यात ठेवते. वीरायुतला सांगते की चोर सापडला नाही. तो चोराला पोलिसांत द्यायला बसलाय, आणि चौकीतला अधिकारी त्याच्या घरी जेवायला असतो.

मोकने पुढची टोपली ओढली.

"मावशी, तुझा नवरा पळाला तेव्हा तू नूडल खाऊन आलीस ना? सगळ्या बाजाराला माहीत आहे."

"मग?"

"तेव्हा तुला कुणी म्हटलं असतं की गप घरी जा, तर?"

लामियतने पेटीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"मी चोरी केली नाही," मोक म्हणाली. "एक घेतलं. दोन भाऊ आहेत, त्यांना त्यांचं सोडलं. त्यांच्या आईचं सोडलं. माझं घेतलं. ते मी परत ठेवणार नाही. आणि माझं नाव तू सांगू नकोस. सांगायचं तेव्हा मी सांगीन."

लामियत कारखान्यात गेली ती दुपारी. कचेरीत वीरायुत टेबलामागे होता आणि प्रयोंगबाई खिडकीशी. खाली टाक्यांवर पाट्या सरकवल्याचे आवाज येत होते. तिने उभ्यानेच सांगितलं की चोरी झालेली नाही. सांगुआनशेटना तीन मुलं होती. तिसऱ्याने वाटा नेला.

वीरायुतने नाव विचारलं. लामियत म्हणाली की नाव ती देणार नाही. आगाऊ घेतलेलं पाकीट तिने टेबलावर ठेवलं.

"तुला कामाला मी ठेवलंय, मावशी."

"चोर शोधायला ठेवलंत. चोर नाही."

"मी दुसरा माणूस लावीन. एका दिवसात काढेल. अस्थी परत येतील आणि ती जी कुणी असेल ती माफी मागेल, सगळ्यांसमोर, गुडघ्यावर."

"ती, असं मी कधी म्हटलं?"

तो थांबला. मान वळवून आईकडे बघितलं. प्रयोंगबाई खिडकीतून बाहेरच बघत होत्या. जे त्याने अर्धवट ओळखलं होतं ते त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, हे तेव्हा खोलीतल्या तिघांनाही कळलं.

"डोकं भादरलंय तिने?" प्रयोंगबाईंनी विचारलं.

"भुवयासुद्धा," लामियत म्हणाली.

बाईंनी मान हलवली, की नुसती उन्हाने डोळे मिटले, ते लामियतला अजून सांगता येत नाही. वीरायुतने दुसरा माणूस लावला नाही. लाज वाटली म्हणून, की आईने अडवलं म्हणून, ते कुणाला कळलं नाही. पण त्याने एवढं केलं की कारखान्याच्या दारात लामियतला यायला बंदी झाली, आणि बाजारातल्या बऱ्याच घरांनी तिला काम देणं सोडलं. तोंड न उघडणारी हुडकणारी कुणाला हवी?

शंभराव्या दिवसाचं पुण्यकर्म विहाराच्या मोठ्या दालनात होतं. लामियत मागच्या दाराशी पेटी घेऊन बसली होती. तिथून तिला कुणी उठवू शकत नाही, विहार सगळ्यांचा. भिक्खू ओळीने बसले होते. समोर कलश, शेटचा फोटो, फुलं. पुढच्या चटईवर घरची माणसं.

मोक आली तेव्हा दालनातली कुजबुज एकदम बंद पडली. एव्हाना तिचे केस बोटभर वाढलेले असायला हवे होते, भुवया पुऱ्या आलेल्या. पण तिने त्याच सकाळी पुन्हा भादरून घेतलं होतं. डोकं, भुवया, सगळं. फडकं नव्हतं. पांढरे कपडे, हातात पाणी घालायचं छोटं पितळी भांडं आणि मातीची एक कुपी. आता तिला आजारी म्हणायला कुणाला जागा राहिली नाही.

ती मागे बसली नाही. सरळ पुढे गेली, धाकट्या भावाच्या शेजारी, मुलांच्या ओळीत शेवटी, जिथे तिसऱ्याने बसायचं असतं तिथे बसली. कुपी कलशाजवळ ठेवली.

वीरायुत उठला. "कोण आहेस तू?"

"मोक. सांगुआनची मुलगी." तिने आवाज चढवला नाही. "तुमच्याकडे त्यांची कॉफी बंद झाली तेव्हा ते आमच्याकडे प्यायचे."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वीरायुतने तिच्याकडे एक पाऊल टाकलं.

"खाली बैस," प्रयोंगबाई म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नव्हती. हे त्यांनी कुणाला म्हटलं तेही स्पष्ट नव्हतं. "भिक्खू थांबलेत."

तो बसला. गाथा सुरू झाल्या. शेवटी पुण्य पोचवायला पाणी घालायची वेळ आली. ज्याच्या हातात भांडं आहे तो ताटलीत बारीक धार धरतो. ज्याच्या हातात नाही तो पुढच्याच्या कोपराला हात लावतो, आणि असं हातातून हातात सगळ्यांचं एक होतं. वीरायुतने धार धरली. धाकट्याने त्याच्या कोपराला हात लावला, त्याच्या बायकोने धाकट्याला, पोरांनी तिला, असं मागपर्यंत. मोकने आपल्या भांड्यातून आपली धार धरली. तिच्या कोपराला कुणी हात लावला नाही. तिच्या आणि त्यांच्यामध्ये चटईची वीतभर जागा होती आणि दालनातली सगळी माणसं त्या जागेकडे बघत होती.

लामियतने गळ्यातली पेटी काढून दाराशी ठेवली. गुडघ्यांवर, रीतीप्रमाणे वाकून, ती पुढे निघाली. बाजारातल्या बायकांच्या मधून, कारखान्याच्या कामगारांच्या मधून, चौकीतल्या त्या अधिकाऱ्याच्या पायांजवळून. वीरायुतने ती येताना बघितली. तिनेही त्याच्याकडे बघितलं, आणि नजर खाली घातली नाही. मोकच्या मागे पोचून तिने उजवा हात तिच्या कोपरावर ठेवला.

मोकने मागे वळून बघितलं नाही. तिची धार मोडली नाही.