दाभणाला भांडण लागत नाही

लग्न झाल्यापासून माझं आणि बायकोचं मराठीवरून वाजत आलंय. मी पुण्याचा, म्हणजे आपलं तेच बरोबर असं धरून चालणारा. ती बार्शीची, वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, धान्याच्या अडतीवरच्या माडीत वाढलेली. मी जिला मोठी सुई म्हणतो तिला ती दाभण म्हणते. मोठी सुई असं काही नसतंच, हे तिचं ठाम मत. सुई घरात असते. साडीला फॉल लावायला, ब्लाउजला हूक लावायला. डॉक्टर टोचतात तीही सुई, स्वेटर विणतात त्याही सुया. दाभण मात्र दुकानात असतं. त्यात दोरा नाही, सुतळी ओवायची आणि पोत्याचं तोंड शिवायचं. दोघांना टोक असतं, दोघांना नेढं असतं, एवढ्यावरून ती एक होत नाहीत. "मांजर मोठं झालं म्हणून त्याला वाघ म्हणता का?" असं ती मला विचारते. मी इंजिनिअर माणूस. मला हा फरक निव्वळ मापाचा वाटायचा.

परदेशात आल्यावर इथल्या वेस्ट विंडसरच्या घरात पोती शिवायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे वाद तसाच पडून राहिला. मग तिच्या किडन्यांनी काम सोडलं.

आठवड्यातून तीनदा मी तिला डायलिसिस सेंटरला न्यायला लागलो. डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून फुगवलेली, तिच्यात दर वेळी दोन सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत आत. पहिल्या दिवशी टेक्निशियननं त्या उघडल्या आणि मी भिंतीकडे बघायला लागलो. ती मात्र निरखून बघत होती. हात तिचा, टोचणार तिला, आणि ही मला मराठीत म्हणते, "अहो, बघा तरी इकडे. ही तुमची मोठी सुई. याला दाभण म्हणतात." काय म्हणावं या बाईला! मी त्या दिवशी वाद हरलो, आणि आनंदानं हरलो.

टोचण्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. तिला सोसायची नाही ती तिथली खुर्ची. थंडगार हॉल, समोर दुसऱ्या कोणाच्या आवडीचा टीव्ही, आणि मधे उठायची सोय नाही. "तिथं मी पोतं असते हो," ती म्हणायची. "शिवा, थप्पीला लावा, पुढचं आणा." मशीन घरी ठेवून डायलिसिस करता येतं हे कळल्यावर तिनं तोच ध्यास घेतला. अट एकच होती, घरातल्या कोणीतरी सुया घालायला शिकायचं. मुलगी राहते बेलव्ह्यूला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे ते कोणीतरी मीच.

शिकवणारी नर्स उंच, हसरी आणि शिस्तीची पक्की होती. रबरी हातावर मी बरा निघालो. नंतर खऱ्या हाताची पाळी आली. नर्सनं टोपण लावलेली सुई माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही. "ट्रेमध्ये ठेवा, प्लीज," म्हणालो. तिनं ठेवली, मी उचलली. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. शेवटी तिनं सुई बाजूला सारली आणि शांतपणे सांगितलं, "सर, तुम्ही माझ्या हातातून सुई घेतसुद्धा नाही. भीती वाटणं साहजिक आहे, पण अशा परिस्थितीत मी तुम्हाला घरी पाठवू शकत नाही. महिनाभर थांबू आणि मग बघू."

परतताना रूट वनवर ट्रॅफिक होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. आणखी एक महिना ती खुर्ची. मग म्हणाली, "अहो, का नाही घेतली हातातून?"

मला सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. अमावास्येला नवी गाडी घेणारा, वास्तुशास्त्राची टिंगल करणारा मी. पण आमच्या घरात सुई हातातून हातात देत नाहीत. एकानं खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची, नाहीतर दोघांत भांडण लागतं. हे मी मानतो असंही नाही, हातच पुढे होत नाही.

"आणि त्या नर्सच्या एका 'हो'वर तू घरी येणार," मी म्हणालो. "तिच्याशी मला भांडण नको होतं गं."

कोणतीही बायको भडकली असती, आणि ते शोभलं असतं. तिनं मला सिग्नल हिरवा झाल्याचं दाखवलं. मग म्हणाली, "ते सुईचं. दाभणाचं तसं नसतं."

"म्हणजे?"

"आमच्या अडतीत हमाल दाभण हातोहात द्यायचे. ट्रक भरायची घाई, खाली कोण ठेवत बसतंय? दाभणाला भांडण लागत नाही."

"खरंच?"

"दुकानावर मी वाढले का तुम्ही?"

मी दुसऱ्या दिवशी नर्सला फोन करून आणखी एक संधी मागितली, आणि त्या भल्या बाईनं ती दिली. तिनं सुई पुढे धरली. मी मनात 'दाभण, दाभण' म्हणत हात पुढे केला आणि घेतली. बायको सुईकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. "घाला," म्हणाली. मी घातली. नळीत लाल रक्त चढलं आणि नर्सनं माझी पाठ थोपटली.

आता मशीन आमच्या डायनिंग टेबलाजवळ असतं. ती तिथं बसून मोकळ्या हातानं मेथी निवडते आणि माझी फोडणी करपली की लांबूनच ओळखते. परवा ती अशीच मशीनवर असताना तिच्या धाकट्या भावाचा बार्शीहून व्हिडिओ कॉल आला. त्यानं सुया पाहिल्या आणि हबकला. "दाजी, हे तुम्ही घालता?"

मला चढलंच थोडं. म्हटलं, "मग! तुमच्या हमालांसारखं दाभण हातोहात घ्यायला शिकलोय."

"हातोहात?" तो हसायला लागला. "कोण म्हणालं? अप्पांनी हात मोडला असता. पोत्यात खुपसून ठेवायचं, दुसऱ्यानं उपसून घ्यायचं. आधीच काय कमी भांडणं होती अडतीत!"

फोन बंद झाला. मी तिच्याकडे बघितलं. ती खाली मान घालून मेथीची पानं खुडत होती.

"म्हणजे ते तू गाडीत बसल्या बसल्या रचलंस?"

"हो."

"अगं, पण मला खरं वाटलं ते."

"वाटायलाच हवं होतं," ती म्हणाली. "मला घरी यायचं होतं हो."