नसीमाची सुट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही — देवापुढे हात जोडतानासुद्धा याला वळसा घालूनच गेले. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐकून घ्या, एवढंच.

नव्वद साली आम्ही कुवेतमध्ये होतो. मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, आणि सुहास — माझा नवरा — शुऐबाच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याच्याबरोबरचा एक जर्मन माणूस मायदेशी परतताना त्याला दक्षिण जर्मनीचा रस्त्यांचा नकाशा देऊन गेला आणि आमच्या घरात वेडच शिरलं. जेवणाच्या टेबलावर नकाशा, नकाशावर प्लास्टिक, प्लास्टिकवर आमटीचे डाग. म्युनिकला उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची, आउग्सबुर्ग, रोथेनबुर्ग करत खाली फ्युसेनला यायचं, तिथल्या जुन्या राजाचे किल्ले बघायला. आमची अकरा वर्षांची मुक्ता प्रत्येक किल्ल्यापाशी लाल पेन्सिलीनं चांदणी काढायची आणि "आई, हाउ मेनी अवर्स?" म्हणून भंडावून सोडायची. मी काय कमी होते? कुठल्या गावात थेपले खायचे, तेसुद्धा वहीत लिहून ठेवलेलं. माझा स्वभावच मेला तसला. एकदा मनात आलं की झालंच पाहिजे.

अडलं ते सुट्टीपाशी. सुहासची सुट्टी जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून, ती एक दिवसही सरकणार नव्हती. आणि नेमकी तेव्हाच नसीमाची सुट्टी. आमच्या विभागात आम्ही दोघीच — एक गेली की दुसरीनं राहायचं. वर्षाच्या सुरुवातीला तक्ता लागायचा. त्यात बदल हवा तर दोघींच्या सह्या लागायच्या.

नसीमा रत्नागिरीकडची. लग्न केलेलं नव्हतं, हॉस्टेलवर राहायची, दोन वर्षांतून एकदा घरी जायची. तिचे अब्बा अर्धांगानं खुर्चीला खिळले होते. रोज दारात खुर्ची ठेवायला लावतात, तुझी वाट बघतात, असं तिची बहीण पत्रात लिहायची. ती पत्रं नसीमा मला वाचून दाखवायची. म्हणजे मला माहीत होतं — हे आधीच सांगून टाकते. सगळं माहीत होतं.

चहाच्या वेळी मी आधी सरळच विचारलं. ती गडबडली. "अब्बांना कळवलंय हो, ताई," एवढंच म्हणाली. तिथं गप्प बसायला हवं होतं की नाही? पण डोळ्यांपुढे तो नकाशा — आणि मी बोलून गेले. माझे दीर जर्मनीत असतात, त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, काही खरं नाही, सुहासला भेटायचंय. कसले दीर? सुहास एकुलता एक! मी डोळ्यांत पाणीही आणलं. आणलं म्हणजे — आलं, आपोआप. त्याचीच आज मला जास्त किळस येते.

नसीमानं माझा हात धरला. "असं होतं तर आधी नाही का सांगायचं? तुम्ही जा, ताई. अब्बा कुठं जातायत? ऑक्टोबरात भेटेन मी." तिनं सही केली. निघायच्या आदल्या दिवशी मक्केच्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याची लहानशी बाटली आणून दिली — तिच्या हॉस्टेलमधली एक बाई नुकतीच हजहून आली होती. पेशंटला पाजा म्हणाली. मी घेतली. कुठल्या तोंडानं नको म्हणणार?

रोथेनबुर्गच्या रस्त्यावर मुक्ताला तहान लागली. गाडीतलं पाणी संपलं होतं. मी तीच बाटली तिच्या हातात दिली.

दोन ऑगस्टला आम्ही फ्युसेनमध्ये होतो. किल्ला बघून खुशीत परतलो, तर गेस्टहाउसची बाई टीव्हीपुढे उभी. कुवेतचे रस्ते, त्यावर इराकी रणगाडे. भाषा कळत नव्हती, चित्रं कळत होती. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? सुटलो बाई! मग नसीमा आठवली. ती तिथं माझ्या जागी होती.

आम्ही तिथूनच पुण्याला माझ्या माहेरी आलो. नसीमाची मात्र काही खबर नव्हती. ती बसनं इराक ओलांडून जॉर्डनला गेली, तंबूत दिवस काढले आणि ऑक्टोबर उजाडताना विमानानं मुंबईला पोचली. अब्बा आठच दिवस आधी गेले होते. कुवेतची बातमी ऐकल्यापासून त्यांचं जेवण तुटलं होतं म्हणे. हे तिनंच मला पत्रात लिहिलं. मी उत्तर धाडलं, सांत्वनाचं, चार पानी. त्यात खरी ओळ एक नव्हती.

एक्क्याण्णवच्या मेमध्ये ती आली. युद्ध संपलं होतं, हॉस्पिटलनं परत बोलावलं होतं. कागदपत्रांसाठी मुंबईला आलेली, तिथून मुद्दाम पुण्याला. किती वाळली होती! घरात मी एकटीच होते. आज सांगून टाकायचं, असं मी ठरवलं — ठरवायला काय जातं? चपला काढता काढताच तिनं विचारलं, "तुमचे दीर कसे आहेत, ताई?"

"गेले," मी म्हटलं.

का? विषय मिटावा म्हणून. बरे आहेत म्हटलं असतं तर पुढचं विचारलं असतं. सुहासजवळ विषय काढू नकोस, त्याला सोसत नाही — हेही मला लगेच सुचलं.

नसीमा खाली बसली आणि रडली. अब्बांसाठी असेल, पण माझ्या दिरासाठीही रडली, मी बघत होते. मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "तुमची तरी भेट झाली ना, ताई. माझी सुट्टी वाया नाही गेली."

मी मान हलवली.

"नाव काय हो त्यांचं? अब्बांबरोबर त्यांच्यासाठीही दुवा मागत जाईन."

इतके महिने मी त्या माणसाला नावच दिलं नव्हतं.

"श्रीधर," मी म्हटलं.

विसरू नये म्हणून तिनं ते दोनदा हळू म्हणून पाहिलं. "बरोबर ना, ताई?" तिनं विचारलं.

बरोबर, मी म्हटलं.