एकशे चौदा नंबरच्या मागावरची अनहार

अनहारला ओरडल्याशिवाय बोलताच यायचं नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. तीनशे माग एका छपराखाली खडखडत असले की शेजारणीच्या कानात तोंड खुपसून बोललात तरी तिला काही ऐकू जात नाही. म्हणून विणाई खात्यातल्या आम्ही बायका हातांनीच बोलायचो. मिशीला पीळ दिला की समजायचं, इंजिनिअर अदली येतोय. मनगटावर टिचकी मारली की सुट्टीला किती वेळ उरला ते विचारलंय. पण अनहारचं नुसत्या हातांनी भागत नसे. हात चालायचे ते चालायचेच, वर तेच सगळं ती घसा ताणून बोलायचीही. सुनेचा उद्धार, गुडघ्याचं दुखणं, अदलीच्या मिशीचं वर्णन, सगळं! ऐकणारं होतं कोण? मी, तफीदा, बावीस वर्षं तिच्या शेजारच्या एकशे पंधरा नंबरच्या मागावर होते, आणि तिचा आवाज मला गिरणीच्या फाटकाबाहेर पडल्यावरच ऐकू यायचा.

नाईलच्या पलीकडच्या काठावरून ती सोळाव्या वर्षी आमच्या गिरणीत आली. नवरा लवकर गेला. दोन मुलगे तिने याच मागावर वाढवले, आणि पंख फुटल्यावर दोघेही दूर गेले. अनहार दुपारच्या पाळीला यायची ती भाकरी, जुनं खारवलेलं चीज आणि कांद्याची पात फडक्यात बांधून. पहिला घास मला भरवल्याशिवाय स्वतः खायची नाही, आणि मी नको म्हटलं तर कोंबायची.

तिची इच्छा एकच होती. हजला जायचं.

गिरणीच्या खर्चाने हजला कोण जाणार, याच्या आमच्याकडे दरवर्षी चिठ्ठ्या काढत. विणाई खात्याच्या वाट्याला दोन जागा. अनहारची चिठ्ठी एकोणीस वर्षं बरणीत पडत होती आणि एकोणीस वर्षं बरणीतच राहत होती. तरी बाईने तयारी करून ठेवलेली! एकशे चौदावर स्वतः विणलेल्या पांढऱ्या कापडाचा शेवटचा तुकडा विकत घेऊन तिने झगा शिवला होता आणि लवंगा घालून पेटीत ठेवला होता. दरवर्षी तो बाहेर काढायची आणि दरवर्षी बाजूच्या शिवणी उसवून थोडा सैल करायची. "काबा हलत नाही जागचा, मीच पसरत चाललेय," असं म्हणून स्वतःच खदाखदा हसायची. त्या वर्षी ती एकोणसाठची होती. पुढच्या वसंतात निवृत्ती. म्हणजे ही शेवटची चिठ्ठी.

आता वगीहाबद्दल सांगते. एकशे चौदावर सकाळच्या पाळीला वगीहा असायची. काडीसारखी बारीक, कामात चोख, बोलायला कमी. दुपारी तीनला चालता माग एकीने दुसरीच्या हाती द्यायचा, त्या दहा मिनिटांतली या दोघींची पंधरा वर्षांची मैत्री. त्या वसंतात वगीहाच्या पोरीचा, नेस्माचा, साखरपुडा मोडला. आमच्याकडे अशी गोष्ट बाहेर फुटली की पोरीबद्दल नको ते बोललं जातं, म्हणून वगीहाने ती बहिणीलाही सांगितली नव्हती. सांगितली फक्त अनहारला, आणि तीही मागांच्या खडखडाटात. बोटातून अंगठी काढल्याची खूण केली आणि डोळे पुसले. मी पाहिलं, कारण देवाने मला डोळे दिलेत. पण मी गप्प राहिले. आज नेस्माला दोन मुलं आहेत, म्हणून लिहायला हरकत नाही.

आणि मग तो रविवार आला. आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी असते.

आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा अनहारचा एक लाडका लाकडी धोटा होता. नऊ वर्षं वापरून लोण्यासारखा गुळगुळीत झालेला. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला तिला खपत नसे. त्या दिवशी वगीहाचा धोटा फुटला, तिने न विचारता अनहारचा घेतला आणि त्याच्या टोकाजवळचा लाकडाचा टवका उडाला. तीनला अनहार आली, तिने धोटा हातात घेतला, टोकावरून बोट फिरवलं, आणि सुरू झाली! हात असे चालले होते की मी मागे सरकले. वगीहाचे हातही काही कमी नव्हते. 'एका लाकडासाठी जीव घेतेस का?' असं ती बोटांनी म्हणाली. अनहार नेहमीसारखी घसा फोडून ओरडत होती.

"तुझ्या हाती काही टिकतं का गं? हा धोटा टिकला नाही..."

एवढं मागांनी गिळलं. तेवढ्यात वीज गेली. तीनशे माग एका दमात थांबले, आणि त्या मेल्या शांततेत अनहारच्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग साऱ्या छपराखाली घुमला.

"...तसा पोरीचा साखरपुडाही टिकला नाही!"

दोन्ही पाळ्यांच्या बायका तिथे हजर होत्या! अनहारने हातातला धोटा तोवर भिरकावलेला होता. तो फरशीवर आपटला, उसळला आणि लोखंडी टोकाने थेट फेरीवर आलेल्या अदलीच्या नडगीवर बसला. अदली एका पायावर नाचू लागला. एरवी आम्ही आठवडाभर हसलो असतो, पण तेव्हा कुणाच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. वगीहाने एप्रन सोडला, नीट घडी घालून मागावर ठेवला आणि निघून गेली. चार मिनिटांनी वीज आली. अनहार तशीच उभी होती, दोन्ही हात तोंडावर दाबून.

अदलीने तक्रार केली नसती तरच नवल. धोटा फेकला, सहकारी बाईचा सर्वांदेखत अपमान केला, साहेबाला इजा केली, असा कागद वर गेला आणि चौकशीची तारीख लागली, गुरुवार, सकाळी दहा. त्याच गुरुवारी दुपारी बाराला चिठ्ठ्या निघायच्या होत्या. आणि नियम असा की त्या वर्षात ज्याला शिक्षा झाली, त्याचं नाव यादीतून खोडलं जातं!

सोमवारी तीनला अनहार वगीहासमोर गेली. छातीवर हात ठेवला, मान खाली घातली, कपाळाला बोटं लावली. माफी मागायची आमची खूण तीच. वगीहाने आधी आजूबाजूच्या सगळ्या मागांकडे बोट फिरवलं, मग आपल्या कानाला हात लावला, मग अनहारच्या हातांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. अर्थ साफ होता. सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोललीस, आणि माफी मात्र मुकी?

मंगळवार, बुधवार, तेच.

गुरुवारी चौकशीला कायदा खात्याचे रिफात साहेब बसले. चष्मा नाकाच्या टोकावर, पुढ्यात कोऱ्या कागदांची थप्पी. आधी साक्षी झाल्या. एकेक बाई आत जायची आणि एकच वाक्य बोलून बाहेर यायची, "माग चालू होते साहेब, काही ऐकू आलं नाही." माझा नंबर आला तेव्हा साहेबांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती.

"बाई, वीजघराची वही माझ्यासमोर आहे. तीन वाजून दोन मिनिटांनी वीज गेली ती चार मिनिटं आली नाही. त्या चार मिनिटांत अख्खं खातं बहिरं होतं का?"

"इतक्या वर्षांची सवय साहेब," मी म्हटलं. "माग बंद पडले तरी आमचे कान लगेच उघडत नाहीत."

"आणि ती बाई जे ओरडली ते?"

"कोण ओरडली?"

त्यांनी मला बाहेर काढलं. मग वगीहा आत गेली. दार अर्धवट उघडं होतं आणि मी काही देवमाणूस नाही, कान लावला.

"ती काय म्हणाली तुम्हाला?"

"ऐकलं नाही," वगीहा म्हणाली.

"तुमच्याबद्दलच बोलली ना?"

"ऐकलं नाही म्हटलं ना साहेब." बाई आपल्या शब्दावरून हलली नाही. ते शब्द कागदावर आले असते, त्यावर शिक्का बसला असता, तर नेस्माची गोष्ट कायमची फायलीत गेली असती.

अनहार आत जायच्या आधी मी तिचा दंड धरला. "ऐक. आंधळी म्हणाले, एवढंच सांग. धोट्यावरून आंधळी म्हणाले. कामातली बाचाबाची म्हणून समज देऊन सोडतील. खात्यातली एकही बाई तुला खोटं पाडणार नाही."

"खोटं बोलून यादीत राहू? आणि उद्या तिथे जाऊन काय सांगू, खोटं बोलून आलेय म्हणून?"

"मग खरं सांगशील?"

तिने माझा हात दंडावरून सोडवला. आत गेली.

"काय म्हणालात त्या बाईला?" साहेबांनी विचारलं.

"धोटा मी फेकला, साहेब. चूक माझी. इंजिनिअर साहेबांची नडगी मी सुजवली, त्यांची माफी मागते. शब्द सांगणार नाही."

"अहो, कामावरून काही बोलला असाल तर तेवढं लिहून मिटवतो. यादीत नाव आहे तुमचं, मला माहीत आहे."

"कामावरून नव्हतं."

"मग काय होतं? उत्तर नाकारलंत तर शिक्षा द्यावीच लागेल. आज बाराला चिठ्ठ्या आहेत!"

"एकदा तोंडातून गेलं ते पुरे झालं, साहेब. तुमच्या कागदावर नाही जाणार. लिहा शिक्षा."

मला आत घुसून तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. एकोणीस वर्षं! पेन खरखरताना ऐकू आलं. तीन दिवसांचा पगार कापला. आम्ही कँटीनपाशी पोचलो तेव्हा कारकून दारावरच्या यादीत लाल रेघ ओढत होता. अनहारने जवळ जाऊन ती रेघ पाहिली. "सरळ ओढलीस रे," एवढंच म्हणाली. मी रडले. तिने आपल्या डोक्यावरच्या ओढणीच्या टोकाने माझं नाक पुसलं.

बाराला अख्खी गिरणी कँटीनमध्ये लोटली. लोणच्याची काचेची मोठी बरणी, त्यात चिठ्ठ्या. म्हाताऱ्या स्वयंपाक्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलेलं. बायका दुआ पुटपुटत होत्या, पुरुष खुर्च्यांवर चढले होते, दारात रेटारेटी. विणाई खात्याची पहिली चिठ्ठी मागाच्या रुळावर सूत गुंडाळणाऱ्या एका म्हाताऱ्याची निघाली आणि तो उभ्या उभ्या मटकन खाली बसला! दुसरी चिठ्ठी उघडली.

"वगीहा अब्देल-मौजूद! माग नंबर एकशे चौदा!"

सगळ्यांच्या माना आधी अनहारकडे वळल्या. कुणाला आनंद करावा की नाही ते कळेना. आणि त्या अवघडलेल्या शांततेत अनहारने जीभ घोळवून अशी लांबलचक आनंदाची आरोळी दिली की बरणी हादरली. मग बाकीच्या बायकांनाही सुटली. वगीहा भिंतीला टेकून उभी होती. तिने अनहारकडे पाहिलं नाही.

पण आमच्याकडे हजला निघणाऱ्याला सगळ्यांची माफी मागावी लागते. कुणाचं मन दुखावलेलं बाकी ठेवून जाता येत नाही. त्यामुळे तीन वाजता वगीहा मागामागाने फिरू लागली. छातीवर हात, कपाळाला बोटं, पुढची. छातीवर हात, कपाळाला बोटं. एकशे पंधरावर येऊन माझीही मागितली आणि मी तिचे गाल धरून मुके घेतले. आता पुढे एकशे चौदा! दोन्ही पाळ्यांचे डोळे तिथे लागले होते.

वगीहा अनहारसमोर उभी राहिली. हात वर उचलला. अनहारने तिचा हात वरच्या वर धरला आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढून माग थांबवला.

मला काय झालं कोण जाणे, मीही माझा थांबवला. माझ्या पलीकडचीने तिचा. मग रांग, मग पुढची रांग, खडखडाट विरत विरत गेला आणि एका क्षणी शेवटचा मागही थांबला. वीज तर होती! पंखेसुद्धा फिरत होते.

"वगीहा," अनहार मोठ्याने म्हणाली, साऱ्या छपराला ऐकू जाईल असं. "तुझ्या पोरीबद्दल मी जे बोलले ते नीचपणाचं होतं. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी चव्हाट्यावर आणलं. तुझी पोर सोन्यासारखी आहे, माझीच जीभ सडकी. मला माफ कर. करायचं नसेल तर नको करूस, पण सगळ्यांनी ऐकायला हवं."

"मी तुझा धोटा न विचारता घेतला," वगीहा म्हणाली.

"घेतलास खरा."

"आणि तुझी जागाही घेतली गं."

"जागा मीच घालवली." अनहारने ओठ दाबून धरले, पण डोळे काही ऐकेनात. "मला माझ्या पायांनी जायचं होतं, वगीहा. ते काही आता होत नाही. पण माझा पांढरा झगा पेटीत पडलाय. या मागावरचंच कापड आहे, तुझ्या पाळीतलं आणि माझ्या पाळीतलं. तो तरी जाऊ दे."

"त्यात माझ्यासारख्या तीन मावतील," वगीहा रडता रडता म्हणाली.

"पिना लाव!"

आणि वगीहाने तिच्या गळ्यात हात टाकले.

तेवढ्यात अदली लंगडत लंगडत आत आला. "माग कुणी थांबवले? कुणाच्या परवानगीने? कोण आहे ती?"

सुई पडली तरी ऐकू आली असती. मी कानामागे हात धरला आणि जमेल तेवढ्या जोरात ओरडले, "काय म्हणालात साहेब? मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही!"