नुसतं हो म्हणा

माझी आई ख्रिस्ती झाली ती एका मेलेल्या लेकरामुळं. मी सातवीत असताना तिला मुलगा झाला, तो जन्मतःच गेलेला. त्यानंतर कित्येक महिने ती भाकरी थापायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही. अहमदपुरात आमच्या गल्लीत एक नर्सबाई राहायच्या. त्या तिला एका रविवारी पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनेला घेऊन गेल्या. तिथल्या पास्टरांनी तिला सांगितलं, की लेकरू प्रभूच्या मांडीवर आहे आणि तुला ते भेटणार आहे. त्या दुपारी घरी येऊन तिनं मला विचारलं, "जेवलीस का गं?" मला आई परत मिळाली.

वडील एसटीचे ड्रायव्हर, माहूरच्या गाडीवर. आमचं घर आजोबांपासून बौद्ध. वडिलांनी आईला कधी अडवलं नाही. ड्युटी नसली की स्वतः मोटरसायकलवर बसवून शेडपर्यंत सोडायचे आणि बाहेरच्या लिंबाखाली पेपर वाचत बसायचे. आई म्हणायची, "एकदा आत तर या." ते म्हणायचे, "माझ्या आज्यानं जित्तेपणी नरक भोगला. बापानं तो सोडला. आता मेल्यावरच्या नरकाचं भ्या मला कशाला घालून राहिलीस?" आई हसायची. तेव्हा वेळ होता.

मग त्यांच्या फुफ्फुसाला कॅन्सर निघाला. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि आईनं माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं. त्या दिवसापासून तिला मरणाची फिकीर उरली नाही. मरणानंतरचीच लागली.

"अहो, नुसतं हो म्हणा. प्रभूवर विश्वास हाय, एवढंच म्हणा."

"तुझ्यासाठी म्हणू?"

"हाव."

"मग ते खोटं हुईल. तुझ्या देवाला खोटं चालतंय का, इचार."

तिनं खरंच विचारलं. पास्टर अहमदपूरहून मोसंब्या घेऊन आले. मनानं फार चांगला माणूस. खाटेशेजारी बसून त्यांनी वडिलांचा हात हातात घेतला. चालतं, असं ते म्हणाले असते तर वडिलांनी बायकोसाठी तेवढं केलं असतं, असं मला अजून वाटतं. पण पास्टरही खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "मनापासून पाहिजे. देव सगळ्यांवर प्रेम करतो, पण जबरदस्ती कुणावरच करत नाही. हो म्हणायचं का नाही, ते त्यानं माणसावर सोडलंय."

"बराबर हाय," वडील म्हणाले. "मग माझं न्हाई."

त्याच आठवड्यात ते गेले, सकाळी, मी त्यांचे ओठ ओले करत असताना. आई त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटत होती. श्वास थांबल्यावर तिनं माझं मनगट धरलं. "मान हालली का गं? तू बघितलीस का?"

मी बघितली नव्हती. नाही म्हणाले.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं झाला. महिन्याभरानं पास्टर घरी आले. आईनं चहा दिला आणि उभ्यानंच विचारलं, "लेकरू हिरीकडं पळालं तर माय त्याच्या मर्जीचं बघती का? झिंज्या धरून वढती की न्हाई?"

पास्टर म्हणाले, "माणूस लेकरू नाही, ताई. ओढून आणलेल्याला प्रेम म्हणत नाहीत."

"नसू देत म्हणत. जळत तर न्हाई ना ते."

थोड्या वेळानं तिनं अजून एक विचारलं. "मी तिथं वर गेले, आन् हे खाली. मग मला कसं सुख लागंल?"

"तिथं दुःखच नाही, ताई. देव पुसून टाकतो."

"म्हंजे ह्यांना इसरून जाईन मी."

पास्टरांनी चहा तसाच ठेवला आणि प्रार्थना करून गेले. आई भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "बाळ वर हाय. त्याला बाप कधीच दिसायचा न्हाई." मी म्हणाले, "आई, नसेल तसं काही. बाबा कुठंच नाहीत." ती म्हणाली, "मग बाळबी कुठंच न्हाई." एकाला आगीतून काढायचं तर दुसऱ्याला मांडीवरून उतरवावं लागत होतं, आणि ते तिच्याच्यानं होण्यासारखं नव्हतं.

आता ती लातूरला माझ्याकडं असते. रविवारी मी तिला चर्चला सोडते. तिथल्या बाया सांगतात, ती गाणी म्हणत नाही, नुसती बसते. माझा विश्वास नाही हे तिला ठाऊक आहे. तरी इतक्या वर्षांत तिनं मला एकदाही आत ये म्हटलेलं नाही. मध्यंतरी मीच विचारलं, "मला का गं म्हणत नाहीस?"

ती तांदूळ निवडत होती. वर बघितलं नाही.

"तू न्हाई म्हंशील," ती म्हणाली. "मला ते ऐकायचं न्हाई."